गोदेपलीकडची मोगलाई

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरला निघालेली एसटी इमामपूरचा घाट, घोडेगाव आणि नेवासा फाटा मागं टाकत प्रवरासंगमाला येते आणि गोदावरीच्या पुलावर चढते. पलीकडच्या काठावर कायगाव. एखादी म्हातारी खिडकीतून हात जोडते, कुणी पाण्यात नाणं टाकतं, मोबाइलवाले जायकवाडी धरणाचा फुगवटा टिपून घेतात, तोवर पूल संपतो. अलीकडचा नेवासा तालुका, पलीकडचा गंगापूर. दोन्ही जिल्ह्यांची नावं गेल्या काही वर्षांत बदलली आणि पाट्या नव्यानं रंगल्या. प्रवाशाला सीमेची जाणीव होते ती एवढीच.

ऐंशी वर्षांपूर्वी इथं नदी उतरणाऱ्या माणसाचं राज्य बदलत असे. नगरच्या काठावर इंग्रजी मुलूख, मुंबई इलाखा आणि खिशात कलदार रुपया. कायगावच्या काठावर निजामाचं हैदराबाद संस्थान आणि हाली शिक्का. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा ढोबळ भाव होता. सरकारी हिशेबात शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत. पोस्टाची तिकिटं निराळी, कारण संस्थानचं टपालखातं स्वतःचं होतं. कचेरीतली भाषा उर्दू. कागदावरचं सालसुद्धा निराळं: इकडे १९४८ चालू असताना तिकडच्या दप्तरात १३५७ फसली लिहिलं जाई. आणि नदी ओलांडून माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर गाडी थांबवावी लागे. संस्थानच्या जकात खात्याचं नाव करोडगिरी. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द अजून सापडतो, आणि तो फारसा प्रेमानं उच्चारलेला नसतो.

नगरकडची माणसं पलीकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. मोगल जाऊन दोनशे वर्षं झाली तरी नाव टिकलं. मुलगी ‘मोगलाईत दिली’ म्हणजे गंगापूर, वैजापूर किंवा पैठणकडे. अंतर बैलगाडीनं एका दिवसाचं, पण सांगताना आवाज परदेशी दिल्यासारखा.

हैदराबाद हा कायद्यानं खरोखरचा परदेश होता का, यावर वाद घालता येतो. इंग्रजांचं सार्वभौमत्व निजामावर होतंच; रेसिडेंट हैदराबादेत ठाण मांडून बसलेला असे आणि परराष्ट्र व्यवहार संस्थानच्या हातात नव्हते. पण १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले, निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला आणि आपण स्वतंत्र असल्याचा पवित्रा घेतला. तेव्हापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या तेरा महिन्यांत अलीकडच्या काठावरचं टोका आणि पलीकडचं कायगाव यांच्यामधून वाहणारी गोदावरी ही दोन देशांमधली नदी होती, असं म्हटलं तर निजामाच्या दरबारानं मान डोलावली असती आणि सरदार पटेलांनी ते धुडकावलं असतं. काठावरच्या शेतकऱ्याला मात्र नाका ओलांडावाच लागत होता.

ही रेषा आली कुठून, ते पाहण्यासारखं आहे. कारण मराठे आणि निजाम शंभर वर्षं या पट्ट्यात भांडले, पण त्या काळात अशी रेषा नव्हतीच. २५ फेब्रुवारी १७२८ ला पहिल्या बाजीरावानं वैजापूरजवळच्या पालखेडला निजामाला कोंडलं. पुढच्याच महिन्यात, ६ मार्चला, मुंगी-शेवगावचा तह झाला. मुंगी हे पैठणजवळ गोदावरीच्या काठचं गाव, आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यात. या तहानं निजामानं दख्खनच्या सहा सुभ्यांवरची छत्रपती शाहूंची चौथाई आणि सरदेशमुखी मान्य केली. म्हणजे मुलूख निजामाचा आणि त्याच मुलखाच्या वसुलात वाटा मराठ्यांचा. एकाच गावात दोन सरकारांचे कमाविसदार धान्याच्या राशीजवळ उभे, हे दृश्य त्या काळात नवलाचं नव्हतं. त्याला दुअंमली म्हणत. तिथं सीमा जमिनीवर आखलेली नसे, ती वसुलाच्या वहीत असे.

नदीला मात्र लष्करी अर्थ तेव्हाही होता. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला जे घडलं ते पूल नसण्याची गोष्ट आहे. राक्षसभुवन याच गोदावरीवर, पैठणच्या खाली, बीड जिल्ह्यात. भर पावसाळ्यात निजाम अलीचं सैन्य नदी उतरू लागलं. निजाम आपल्या काही फौजेसह पलीकडे पोचला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी दक्षिण काठावर अडकला. नदीला पाणी. माधवराव पेशवे आणि राघोबादादांनी नेमक्या त्याच वेळी गाठलं, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडच्या काठावरच्या धन्याला हात चोळत बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. शालेय इतिहासात ही लढाई तरुण माधवरावाच्या पराक्रमाची म्हणून येते. ती आहेच. पण त्या दिवशी निजामाकडे गोदावरीवर एक पूल असता तर निकाल कदाचित निराळा लागला असता.

रेषा ओढली इंग्रजांनी, आणि तीही निजामासाठी. आर्थर वेलस्लीनं १२ ऑगस्ट १८०३ ला शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला आणि तो उत्तरेकडे वळला. पावसाळा, गोदावरी फुगलेली, आणि सोबत तोफा, बैल, बाजारबुणगे. वेलस्लीनं या मोहिमेची तयारी करताना नद्यांचा विचार आधीच केला होता: वेताच्या मोठाल्या गोल टोपल्या, वरून जनावराचं कातडं चढवलेलं, अशा होड्या त्यानं बनवून घेतल्या. नद्यांना भिऊन असणाऱ्या फौजांपेक्षा त्याची फौज वेगळी ठरली ती या टोपल्यांमुळे. २९ ऑगस्टला तो औरंगाबादला होता, २३ सप्टेंबरला असईला. हरलेल्या दौलतराव शिंद्यांनी ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह केला. या तहात अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि गोदावरी यांच्यामधला शिंद्यांचा मुलूख सोडून देण्याचं कलम आहे; जालना आणि गंगापूर यांची नावं त्यात स्पष्ट घातली आहेत. हा मुलूख पुढच्या वर्षी इंग्रजांनी आपल्या दोस्ताला, निजामाला, दिला. नगरचा किल्ला पेशव्यांना मिळाला. १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांनी कायमचा घेतला. अशा रीतीनं अलीकडे कंपनी आणि पलीकडे निजाम, मधे गोदावरी, ही मांडणी पक्की झाली. राहता राहिली चौथाई. पेशव्यांचे वारस म्हणून ती इंग्रजांना मिळायला हवी होती. १८२२ च्या तहात इंग्रजांनी निजामाला तिच्यातून मोकळं केलं. बाजीरावानं मुंगीला जे कमावलं ते असं शंभरेक वर्षांनी कागदावर मिटलं.

नदी हद्द म्हणून सोयीची वाटते, कारण ती नकाशावर आधीच काढलेली असते. नदी नसली म्हणजे काय होतं ते बघायला याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जावं. जामखेड तालुका इंग्रजी अमलात सलग नव्हताच. निजामाच्या गावांत विखुरलेले त्याचे तुकडे होते. तिथं सकाळी शेताला जाणारा माणूस दोन राज्यं ओलांडून जात असेल आणि त्याला त्याचं काही वाटत नसेल. १७९५ ची खर्ड्याची लढाई त्याच तालुक्यातली. म्हणजे नगर जिल्ह्याला मोगलाईची शीव दोन बाजूंनी होती, एकीकडे नदीची आणि दुसरीकडे ठिगळांची.

पण नदीची हद्दही वाटते तितकी सरळ नसते. गोदावरी पात्र बदलते. पुरात एका काठाची माती खरवडून दुसऱ्या काठावर मळई टाकते. मग ती मळई कुणाची? जगभरच्या सरकारांनी यावर दोन उत्तरं काढली आहेत. एक, पात्राच्या बरोबर मधोमध हद्द धरायची. दोन, सगळ्यात खोल प्रवाहाची मध्यरेषा धरायची, म्हणजे होड्या जिथून जातात तिथला हक्क दोघांचा राहतो. पूल असला की बहुधा पुलाच्या मध्यावर रेघ मारतात. प्रवरासंगमाच्या वरच्या अंगाला, श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या मध्ये, गोदावरीच्या पात्रातच सराला बेट आहे. गंगागिरी महाराजांचं हे स्थान. त्यांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी निरनिराळ्या गावी भरतो, कधी या काठाच्या तालुक्यात, कधी त्या. पावणेदोनशे वर्षांच्या या परंपरेतली शंभर वर्षं तरी दोन काठ दोन राज्यांत होते. भाकरी मात्र दोन्हीकडून आल्या. ज्ञानदेवांचंही तसंच. त्यांचं आपेगाव पैठण तालुक्यात, म्हणजे मोगलाईत. आणि ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासं प्रवरेच्या काठी, इंग्रजी मुलखात. फाल्गुनातल्या नाथषष्ठीला नगरकडचे वारकरी पैठणला जात तेव्हा ते सरहद्द ओलांडतात असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आता ओलांडण्याकडे येऊ. दख्खनच्या नद्या वर्षातले आठ महिने पायी उतरता येतात आणि चार महिने माणसाला जुमानत नाहीत. जायकवाडीच्या आधी उन्हाळ्यात गोदावरीचं पात्र इथं वाळूचं आणि गोट्यांचं असे, गाड्या उतारावरून जात. पावसाळ्यात होडी. ब्रिटिश मुलखात तरीसाठी, म्हणजे नदी उतरवणाऱ्या नावेसाठी, १८६८ चा मुंबई इलाख्याचा कायदा होता. तर चालवण्याचा मक्ता लिलावानं जाई. दोन्ही काठांवरचे कोळी नावाडी हे खऱ्या अर्थानं या सीमेचे धनी. नदी किती चढली, नाव घालायची की नाही, गुरं पोहवायची की नावेत घ्यायची, हे ते ठरवत; कलेक्टर आणि निजामाचा तालुकदार दोघेही मुकाट ऐकत. संगमाच्या जागी नाव घालणं अवघड, कारण प्रवरेचा लोंढा आडवा येऊन गोदावरीच्या प्रवाहात घुसतो. सह्याद्रीत रतनगडाच्या अंगाला धो धो पाऊस झाला आणि नाशिककडे उघडीप असली, तरी इथं पाणी चढतं.

या नदीवर नगर जिल्ह्यात पक्का पूल पहिल्यांदा झाला तो रेल्वेचा असावा, निदान गाजला तो तोच. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात उपाशी माणसांना काम म्हणून त्याचा भराव घातला गेला. ही गाडी चांगदेवांच्या पुणतांब्याजवळ गोदावरी ओलांडते. तिथं दोन्ही काठ इंग्रजी. पुणतांब्याच्या खाली थोड्याच अंतरावर निजामाची हद्द सुरू होते. नकाशा पुढ्यात घेतला की जाणवतं, की ही रेल्वे औरंगाबादला, म्हणजे दख्खनच्या एका जुन्या राजधानीला, वळसा घालून निघून गेली. औरंगाबादला रेल्वे पोचली ती १९०० च्या सुमारास, मनमाडहून, निजामाच्या हमीच्या कंपनीची. आणि तिचे रूळ मीटरगेज. मुंबईहून ब्रॉडगेजनं आलेला माणूस मनमाडला उतरायचा, सामान हमालाच्या डोक्यावर, आणि लहान गाडीत बसायचा. संस्थान विलीन झालं, मराठवाडा महाराष्ट्रात आला, माणसं चंद्रावर जाऊन आली, तरी मनमाडला गाडी बदलणं चालूच होतं. ते रूळ रुंद झाले १९९० च्या दशकात. राज्यकर्त्यांची हद्द पुसली तरी रुळांमध्ये ती आणखी चाळीस वर्षं शिल्लक राहिली. मराठवाड्याच्या मागासलेपणाची कारणं शोधणाऱ्यांनी या एका गोष्टीवर आणखी लिहायला हवं, असं मला वाटतं.

१९४७ च्या नोव्हेंबरात, २९ तारखेला, भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. जैसे थे काहीच राहिलं नाही. निजाम सरकारनं भारतीय चलनाला संस्थानात मज्जाव केला, सोनं-चांदी बाहेर नेण्यावर बंधनं आणली. भारतानं मालाचा पुरवठा आवळला. कालपर्यंत जो कलदार दोन्ही काठांवर चालत होता तो आता एका काठावर गुन्ह्याचा माल झाला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं मराठवाड्यातली कुटुंबं सरहद्द ओलांडून इकडे येऊ लागली. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या गावांत कॅम्प टाकून बसले. मनमाड, बार्शी, सोलापूर, उमरखेड ही त्यांतली मोठी ठाणी. त्यांच्या सशस्त्र कारवायांचं आवडतं लक्ष्य करोडगिरी नाके होते. कारण उघड आहे. शेतकऱ्याच्या लेखी निजाम म्हणजे हैदराबादेतला जगातला श्रीमंत माणूस नव्हता, नदीकाठच्या छपरात बसलेला नाकेदार होता. नाका जाळला की राज्य हललं.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. मुख्य चढाई सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं. या रस्त्यावर नळदुर्गजवळ बोरी नदीवर पूल होता, आणि सगळा बेत त्या पुलावर बेतलेला: निजामाच्या फौजेनं तो उडवला असता तर रणगाडे तिथंच अडकले असते. शीख पलटणीनं पहिल्याच दिवशी अचानक धडक मारून तो धड मिळवला. पूर्वेकडे, विजयवाड्याच्या रस्त्यावर, मागं हटणाऱ्या निजामी फौजेनं मुसी नदीवरचा पूल उडवला, पण तो दुरुस्त करणाऱ्यांवर गोळीबार करायला मागं कुणी ठेवलं नाही. पूल लगेच उभा राहिला. औरंगाबाद घेण्याचं काम मेजर जनरल ब्रार यांच्याकडे होतं. सहा तुकड्या निरनिराळ्या दिशांनी शहरावर चालून गेल्या आणि तिथल्या मुलकी अधिकाऱ्यांनी शरणागती दिली. १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. गोदावरीकाठची सीमा पाच दिवसांत संपली.

तेरा वर्षांनी मराठी माणसांच्या दुसऱ्या सरहद्दीवर हाच खेळ उलटा झाला. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात शिरणाऱ्या भारतीय सैन्याला अडवायला पोर्तुगिजांनी पूल उडवण्याचा सपाटा लावला. बाणस्तारीचा पूल गेला, जुवारी नदीवरचा बोरीचा पूल गेला. एक बोरी वाचली, एक उडाली. निकाल दोन्हीकडे सारखाच लागला. मरणासन्न राज्यं पूल का उडवतात याचं लष्करी उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पण गोव्यात पूल उडाल्याचा खरा त्रास पोर्तुगीज गेल्यावर गावकऱ्यांना झाला, फेरीबोटीच्या रांगेत.

दोन देशांमधला पूल बांधणं हे आजही बांधकामापेक्षा कागदाचं काम अधिक असतं. त्रिपुरातल्या सब्रूमहून बांगलादेशातल्या रामगडला जाणारा फेणी नदीवरचा मैत्री सेतू १.९ किलोमीटर लांब आहे. ९ मार्च २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तो तसाच उभा राहिला. तपासणी नाके, अधिकारी, शिक्के यांची व्यवस्था मागं पडली होती. थायलंड आणि लाओस यांच्यामधला मेकाँगवरचा पहिला मैत्री पूल १९९४ चा. थायलंडमध्ये वाहनं डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. त्यामुळे पूल ओलांडला की एका ठिकाणी रस्ते एकमेकांना छेद देतात आणि गाड्या बाजू बदलतात. कायगावला बाजू बदलावी लागत नव्हती. पण खिशातली नाणी, पत्रावरचं तिकीट आणि तारीख ही तिन्ही बदलायची, आणि तेही दोन्हीकडची माणसं एकच मराठी बोलत असताना.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. टोक्याच्या पलीकडचा काठ आता परका राहिला नाही. पण नदीनंच रूप बदललं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, १०२ टीएमसीची साठवण, साडेतीनशे चौरस किलोमीटरचा पसारा. त्याचा फुगवटा थेट प्रवरासंगमापर्यंत येतो. नेवासा, शेवगाव, गंगापूर, पैठण या तालुक्यांतली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पायी उतरण्याचा जुना उतार बुडाला आणि पूल हा ओलांडण्याचा एकच मार्ग उरला.

अशा ठिकाणी पूल बांधणाऱ्याला दख्खन एक मोठी सवलत देते: पात्राखाली काळा पाषाण फार खोल नसतो. गंगेवर विहिरीसारखे खोल पाये उतरवावे लागतात. इथं खांबाला खडकावर टेकता येतं. अडचण असते ती पाण्याच्या मापाची. एरवी जिथं पाऊल बुडत नव्हतं तिथून पुरात लाखो क्युसेक पाणी जातं. म्हणून आपल्याकडे दोन प्रकार रूढ झाले. फरशी पूल ठेंगणा, स्वस्त, पूर आला की पाण्याखाली जाणारा. गावच्या ओढ्याला तो चालतो. मोठ्या रस्त्याला उंच पूल, पुराच्या पातळीच्या वर. धरणाच्या फुगवट्यावर फरशी पुलाचा विचारही करता येत नाही, कारण पाणी वर्षातले कित्येक महिने उतरतच नाही. त्यात खांबाच्या पायथ्याशी साचणारा गाळ आणि पाण्याखाली होणारी झीज, यांची तपासणी करायला पात्र कोरडं मिळत नाही.

पूल दोन काठांना जोडतो म्हणून दोन्ही काठ सारखे झाले असं मात्र नाही, आणि इथं जुनी सीमा पुन्हा डोकं वर काढते. इंग्रजांनी दुष्काळाला घाबरून नगर-नाशिककडे धरणं आणि कालवे काढले. दारणा १९१६ चं, प्रवरेवरचं भंडारदरा १९२६ चं. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर कारखाने. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्याच काठी, लोणीला उभा राहिला. निजामानंही धरणं बांधली, पण त्याचं निजामसागर तेलंगणात झालं. गंगापूर-वैजापूरच्या वाट्याला तसं काही आलं नाही. म्हणून जायकवाडी हे मराठवाड्याला मिळालेलं उशिराचं माप. आणि ते भरायचं कुठून? वरच्या धरणांतून, म्हणजे नगर आणि नाशिकमधून. वरच्या बाजूनं पुढे मुळा, नाशिकचं गंगापूर, निळवंडे अशी धरणं होत गेली आणि खाली पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, अर्धा राहू लागला.

भांडण न्यायालयात गेलं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये तिचं गणित मांडलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाच्या बाजूनं कौल दिला. तेव्हापासून पाऊस कमी झालेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास नगरमध्ये आंदोलन, संभाजीनगरमध्ये आंदोलन, आणि दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत एकाच आकड्याला निराळे मथळे. या बाबतीत मी मराठवाड्याच्या बाजूचा आहे. वरच्या माणसाला नदी आधी दिसते एवढ्यानं ती त्याची होत नाही. पण नगरच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचं एक म्हणणं खरं आहे. कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, उपसलं जातं, आणि सोडलेलं सगळं पैठणला पोचत नाही. हा तोटा मोजून दोन्ही बाजूंना दाखवायला हवा, तो लपवला की संशय वाढतो.

कायगावच्या पुलावरही या काळात बरंच घडलं. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात इथं एका तरुणाचा जीव गेला आणि दुसऱ्या दिवशी राज्यभर बंद पाळला गेला. तेव्हापासून रास्ता रोकोची हाक आली की पोलिस आधी इथं उभे राहतात. रस्ता अडवायचा तर नदीवर अडवावा हे नाकेदाराला कळत होतं, तसं आंदोलकांनाही कळतं.

२०२३ च्या पावसाळ्यानं दगा दिला. ऑक्टोबरच्या अखेरीस गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळानं नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश काढला. विरोध झाला, याचिका झाल्या, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस दरवाजे उघडले. प्रवरेतून सोडलेलं पाणी प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळलं आणि कायगावच्या पुलाखालून पैठणकडे गेलं.